संकेत कीं संदेश ?

आकाशांतून वाणी उमटली कीं ती आपल्यालाच उद्देशून असावयाची, हा संस्कार आपल्या मनावर फार जुना आहे. देवकीचा रथ हांकणाऱ्या कंसाला आकाशवाणी ऐकूं आली ती त्याच्याच भाषेंत होती, त्यालाच उद्देशून होती, आणि तिचा अर्थ लावून घेण्यासाठीं त्याला कोणा पंडिताचें दार ठोठवावें लागलें नाहीं. पुराणांतील बहुतेक आकाशवाण्या अशाच आहेत. बोलणारा दिसत नाहीं, पण तो ऐकणाऱ्याला ओळखतो. त्याला कांहीं तरी सांगावयाचें असतें. आणि जें सांगावयाचें तें तो स्पष्ट शब्दांत सांगतो. पुढें या देशांत रेडिओ आला आणि सरकारी प्रक्षेपणानें हेंच पौराणिक नांव धारण केलें, हेंही योग्यच झालें; कारण तेथेंही पडद्याआड बोलणारा माणूसच असतो आणि तो आपल्याशींच बोलत असतो. अडचण उत्पन्न होते ती निराळ्याच ठिकाणीं. ज्या ध्वनीमागें बोलणारा कोणीच नाहीं असा ध्वनि आकाशांतून आला, तर त्याला काय म्हणावें ?

प्रश्न वरवर पाहतां ज्योतिःशास्त्राचा दिसतो. परंतु अर्थ म्हणजे काय, तो कोठून येतो आणि तो लावण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न साहित्यशास्त्राच्या घरचे आहेत. आणि अंतराळांतून येणाऱ्या रेडिओ-लहरींसंबंधीं आपल्याकडे जें बोललें व लिहिलें जातें, त्यांत विज्ञानाच्या चुकांपेक्षां अर्थविचाराच्या चुका अधिक असतात, असें माझें मत आहे. त्यांपैकीं एक चूक मीं स्वतःच भर वर्गांत केली असल्यामुळें आरंभ तेथूनच करणें प्रामाणिकपणाचें होईल.

२०२३ च्या जानेवारींत एक वार्ता जगभर पसरली. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जी प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे, तिच्या साह्यानें एका अतिदूरच्या दीर्घिकेंतून आलेली लहर टिपली गेल्याचें जाहीर झालें. ती लहर तेथून निघाल्याला सुमारें ८८० कोटि वर्षें झालीं. त्या वेळीं विश्वाचेंच वय सुमारें ४९० कोटि वर्षें होतें. बातमी एवढी मोठी, आणि ती आपल्या जुन्नर तालुक्यांतील एका खेड्यांतून आलेली. तेव्हां माणसें हुरळून गेलीं यांत नवल नाहीं. 'परग्रहावरून संदेश आला' ही तिची सुधारून वाढविलेली आवृत्ति लवकरच आमच्या रत्नागिरींतही हातोहात फिरूं लागली. त्या दिवशीं मी बी. ए. च्या वर्गांत काव्यशास्त्र शिकवीत होतों. विषयाला थोडा रंग चढावा म्हणून मी म्हणालों, "विश्वानें आज आपल्याला हांक मारली आहे." वाक्य मला आवडलें, मुलांनाही आवडलें असावें. इतक्यांत मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली. मिरकरवाड्याच्या बाजूची, घरीं मासेमारीचा धंदा. ती म्हणाली, "सर, वळवाच्या दिवसांत आजोबांचा रेडिओ कडकड करायला लागला, कीं विजा जवळ आल्या, आज होडी बाहेर काढायची नाहीं, असं ते ठरवतात. पण विजेनं आपल्याला हांक मारली, असं कांहीं ते म्हणत नाहींत."

वर्ग हसला. मीही हसलों आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलों. परंतु घरीं जातांना ध्यानांत आलें, कीं जो भेद मी दर वर्षीं फळ्यावर लिहून देतों, तो त्या मुलीला आजोबांच्या ट्रान्झिस्टरवरून समजला होता आणि मला फळ्यावरूनही समजला नव्हता. हा भेद नैयायिकांचा आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें आपण जाणतों. येथें धूर हें लिंग आणि आपलें ज्ञान हें अनुमान. धुराला कांहीं सांगावयाचें नसतें. याच्या उलट, विश्वासू माणूस आपल्याला 'डोंगरावर वणवा लागला आहे' असें सांगतो, तेव्हां तें शब्दप्रमाण. तेथें वक्ता आहे, त्याची विवक्षा आहे, आणि श्रोता कोण हें त्यानें मनांत धरलेलें आहे. दोन्ही मार्गांनीं ज्ञान एकाच अग्नीचें होतें. पण पहिल्या मार्गानें मिळालेलें ज्ञान आपण मिळविलेलें असतें, दुसऱ्यानें मिळालेलें आपल्याला दिलेलें असतें. खोडदच्या लहरीला 'संदेश' म्हणणें म्हणजे धुराला वक्ता ठरविणें होय.

ती लहर वस्तुतः काय होती ? हायड्रोजनच्या अणूंत एक धनभारित आणि एक ऋणभारित कण असतो. त्या दोहोंच्या परिवलनाच्या दिशांचा परस्परसंबंध क्वचित् पालटतो, आणि तसा तो पालटतांना अणूंतून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ-लहर बाहेर पडते. एका अणूच्या बाबतींत ही गोष्ट इतकी विरळा, कीं तिची वाट पाहत युगें लोटावीं. पण एका दीर्घिकेंत अणूच असंख्य, त्यामुळें ही मंद कुजबूज अखंड चाललेली असते. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें वाटेंत ती लहर ताणली जाऊन आपल्यापर्यंत पोंचेतों सुमारें ४८ सेंटिमीटरांची झाली होती. मध्यें दुसरी एक दीर्घिका आडवी आली होती. तिच्या गुरुत्वाकर्षणानें भिंगाप्रमाणें काम करून ही क्षीण लहर सुमारें तीसपट उजळली, म्हणून ती सांपडली. तिच्यावरून संशोधकांनीं असें अनुमान केलें, कीं त्या दीर्घिकेंतील अणुरूप हायड्रोजनचें वस्तुमान तिच्यांतील दृश्य ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या जवळजवळ दुप्पट आहे. एवढा या वार्तेचा अर्थ. तो लहान नाहीं. पण त्यांत कोणीं कोणाला कांहीं सांगितलेलें नाहीं.

रेडिओ-ज्योतिषाचा जन्मच मुळीं अशा धुरांतून झाला. अमेरिकेंतील कार्ल जान्स्की या अभियंत्याकडे, अटलांटिकपलीकडे चालणाऱ्या बिनतारी संभाषणांत खरखर कोठून येते हें शोधण्याचें काम होतें. जवळच्या विजांची एक आणि दूरच्या विजांची दुसरी, अशा दोन खरखरी त्याला ओळखतां आल्या. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या आजोबांची विद्या त्यानें हस्तगत केली. तिसरी एक बारीक सरसर मात्र रोज सुमारें चार मिनिटें आधीं येई. घड्याळाच्या दिवसाप्रमाणें न चालतां ती नक्षत्रांच्या दिवसाप्रमाणें चालते, हें त्याच्या ध्यानीं आलें, आणि १९३३ सालीं ती आकाशगंगेंतून येत असल्याचें त्यानें जाहीर केलें. पुढें १९६७ सालीं केंब्रिजमध्यें जोसलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनीं येणारा, घड्याळालाही लाजविणारा नियमित ठोका आढळला, तेव्हां तेथील मंडळींनीं अर्ध्या थट्टेनें त्याला 'हिरव्या बुटक्या माणसांचें' नांव दिलें. पण तसाच दुसरा ठोका आकाशाच्या अगदीं निराळ्या भागांत सांपडला आणि थट्टा संपली. दोन दूरदूरच्या ठिकाणचीं बुटकीं माणसें एकच युक्ति योजून आपल्यालाच खुणावीत आहेत, हें संभवेना. १९६८ सालीं प्रसिद्ध झालेला तो शोध स्पंदक ताऱ्यांचा होता. नियमितपणा म्हणजे बुद्धि नव्हे, हा धडा त्यांत होता; आणि तो वृत्तबद्धतेलाच काव्य समजणाऱ्यांनींही घेण्यासारखा आहे.

आतां शब्दांकडे वळूं. इंग्रजींतील 'सिग्नल' या शब्दासाठीं आपण मराठींत दोन शब्द वापरतों, संदेश आणि संकेत. संदेश हा शब्द येथें चुकीचा, हें वरील विवेचनावरून दिसेल. संकेत हा शब्द निरुपद्रवी वाटतो. पण माझ्या मतें घोटाळ्याचें मूळ त्यांतच आहे. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेंत संकेत म्हणजे 'या शब्दावरून हा अर्थ समजावा' असा आधीं झालेला ठराव. 'गाय' या ध्वनींत चार पाय किंवा दूध नाहीं; आपण सर्वांनीं तसें ठरविलें आहे म्हणून त्या ध्वनीवरून त्या प्राण्याचा बोध होतो. ठराव आधीं, बोध नंतर. संस्कृत काव्यांतही संकेत म्हणजे प्रेमिकांनीं भेटीविषयीं आधीं केलेला ठराव, आणि संकेतस्थळ म्हणजे त्या ठरावाची जागा. तेथें अभिसारिका अंधारांतून जाते ती ठरलेलें असतें म्हणून. ठरलेलें नसतांना ती जाईल, तर तिला अभिसारिका न म्हणतां वाट चुकलेली म्हणावें लागेल.

आमच्या कोंकणांत कौल लावण्याची चाल आहे. देवाच्या मूर्तीला कळे लावतात, गुरव गाऱ्हाणें घालतो, आणि उजवीकडचा कळा आधीं पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार, असें समजतात. कौलावर श्रद्धा ठेवावी कीं नाहीं हा प्रश्न येथें नाहीं. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रश्न आधीं विचारलेला असतो. उजव्या-डाव्याचा ठराव आधीं झालेला असतो. कळा पडण्यापूर्वींच त्याला अर्थ बहाल केलेला असतो, म्हणून एका फुलाच्या पडण्यांत एका घराचें लग्न ठरूं शकतें किंवा मोडूं शकतें. प्रश्न न विचारतां गाभाऱ्यांत कळा पडला तर गुरव तो उचलून निर्माल्यांत टाकतो. अंतराळांतून येणाऱ्या लहरींना अर्थ चिकटविणाऱ्यांनीं आमच्या गुरवाचा हा विवेक अंगीं बाणवावा, अशी माझी सूचना आहे.

मग ज्यांच्याशीं कधीं ठराव झाला नाहीं, त्यांच्याशीं संकेत होऊंच शकणार नाहीं काय ? या प्रश्नाला १९५९ सालीं कोकोनी आणि मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनीं दिलेलें उत्तर मला कोणत्याही प्रेमकाव्याइतकें हृद्य वाटतें. त्यांनीं असा विचार केला, कीं दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळ कोणी विचारी जीव असतील आणि त्यांनाही कोणाला तरी गांठावयाचें असेल, तर ते कोणत्या लहरीवर बोलतील ? हायड्रोजन विश्वांत सर्वत्र आहे. त्याची २१ सेंटिमीटरांची लहर रेडिओ-विद्या जाणणाऱ्या कोणालाही ठाऊक असणारच. तेव्हां त्यांनीं तेथेंच बोलावें आणि आपण तेथेंच ऐकावें. म्हणजे ज्यांची कधीं भेट नाहीं अशा दोघांनीं, परस्परांच्या मनाचा केवळ तर्क करून, एकच संकेतस्थळ निवडावयाचें. १९६० सालीं फ्रँक ड्रेक यानें त्या लहरीवर दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावून पाहिला. कोणी आलें नव्हतें. १९७७ च्या १५ ऑगस्टला अमेरिकेंतील ओहायो येथील दुर्बिणीला त्याच लहरीच्या जवळपास ७२ सेकंद एक जोराची खूण मिळाली. पाहणाऱ्यानें कागदाच्या कडेला आश्चर्याचा उद्गार लिहून ठेवला. ती खूण पुन्हां कधीं आली नाहीं. आणि खोडदला सांपडलेली लहर मूळची याच २१ सेंटिमीटरांची ! प्रेमिकांसाठीं मनानें नेमलेल्या जागीं खरोखर चाहूल लागली. पण ती वाऱ्यानें पानें हलल्याची होती. लोकांचा घोटाळा झाला तो अगदींच अकारण नव्हता, एवढें त्यांच्या, आणि माझ्या, बाजूनें म्हणतां येईल.

खोडदच्या दुर्बिणीला खरा संकेत ऐकूं आल्याचाही एक प्रसंग आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा भेद पुरता उलगडणार नाहीं. या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकीं चौदा मध्यभागीं आणि बाकीच्या इंग्रजी वाय् अक्षराच्या आकारांत सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या. जड पत्र्याऐवजीं दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरून स्वरूपांनीं त्या अल्प खर्चांत उभ्या केल्या. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपीय अंतराळ-संस्थेचें 'स्कियापारेली' हें यान मंगळावर उतरत होतें, आणि त्याची क्षीण खूण येथें ऐकली जात होती. त्या खुणेंत शब्द नव्हते; एक सूर तेवढा होता. पण त्या सुराच्या चढउतारावरून यानाचा वेग कसा कमी होत आहे हें जाणत्यांना कळत होतें. उतरण्याच्या थोडा वेळ आधीं तो सूर थांबला. पुढें मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या दुसऱ्या यानानें घेतलेल्या छायाचित्रांत तें पृष्ठभागावर आपटून नष्ट झाल्याचें दिसलें. येथें शांततेलाही अर्थ होता, कारण बोलणें केव्हां चालू राहावयाचें हें आधीं ठरलें होतें. ८८० कोटि वर्षांपूर्वीं निघालेल्या लहरीला असा अर्थ नाहीं, आणि ती उद्यां थांबली तर त्या थांबण्यालाही नाहीं.

आतां ललित वाङ्मयाकडे येऊं. अनोळखी संस्कृतीकडून आलेली खूण वाचली गेली तर काय होईल, या कल्पनेचा मराठींत गंभीरपणें विचार करणाऱ्यांत जयंत नारळीकरांचें नांव अग्रभागीं येतें. नारळीकर केंब्रिजमध्यें फ्रेड हॉयल यांचे शिष्य होते. हॉयल यांनीं जॉन एलियट यांच्यासह १९६१ सालीं बी. बी. सी. साठीं लिहिलेल्या 'ए फॉर अँड्रोमीडा' या मालिकेंत दूरच्या अंतराळांतून रेडिओ-लहरी येतात; त्या उलगडतां एक अजब गणकयंत्र बांधण्याच्या सूचना त्यांत निघतात; यंत्र बांधलें जातें, आणि मग बांधणारे त्याच्या हातांत जाऊं लागतात. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरींत सूचना आकाशांतून न येतां जमिनीच्या पोटांतून येतात. प्राचीन व प्रगत संस्कृतीनें पुरून ठेवलेली पेटी सांपडते, तिच्यांतील ज्ञानावरून पुढें 'वामन' नांवाचा यंत्रमानव घडविला जातो, आणि तीन पावलांची भूमि मागणाऱ्या बटूची पुराणकथा नव्या अर्थानें जिवंत होते. काळाच्या अंतरानें आलेला संदेश आणि आकाशाच्या अंतरानें आलेला संदेश यांत तत्त्वतः भेद नाहीं. दोहोंतही बोलणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सोय नसते.

या कादंबरीवर घेतला जाणारा आक्षेप असा, कीं तींतील माणसें माणसांसारखीं न बोलतां प्रमेयांसारखीं बोलतात. आणि तो मला बव्हंशीं मान्य आहे. दुसरा आक्षेप माझा आहे. त्या पेटींतील मजकूर फार लवकर वाचला जातो. गणित सर्वांचें एकच, म्हणून गणितांत लिहिलेलें कोणीही वाचूं शकेल, हें गृहीत शास्त्रज्ञाला स्वाभाविक असलें तरी पारखून घेण्यासारखें आहे. संख्या समजणें निराळें आणि त्या संख्यांनीं कोणी काय म्हणत आहे हें समजणें निराळें. परंतु हा दोष पत्करूनही मी ही कादंबरी मोलाची मानतों, आणि याचें कारण आपल्या मीमांसकांच्या व नैयायिकांच्या भाषेंत चांगलें सांगतां येतें. वाक्यार्थ आणि तात्पर्य यांत भेद आहे. 'सैंधव आण' या वाक्यांत सैंधव म्हणजे मीठ कीं घोडा, हें बोलणारा जेवायला बसला आहे कीं प्रवासाला निघाला आहे यावरून ठरतें. पेटी उघडणाऱ्या शास्त्रज्ञांना वाक्यार्थ समजतो, तात्पर्य समजत नाहीं. सूचना कशा पाळाव्या हें कळतें. त्या कोणीं, कोणाच्या हितासाठीं लिहिल्या, हें कळत नाहीं. बळीचीही हीच गत झाली होती. 'तीन पावलें' या शब्दांचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता. मागणाऱ्याचें पाऊल केवढें, एवढेंच ठाऊक नव्हतें. नारळीकरांनीं नांवाची निवड करतांना कथेचें मर्म अचूक धरलें आहे, आणि अर्थबोध हीच सुरक्षितता असें मानणाऱ्या वाचकाला सावध केलें आहे.

यापुढची पायरी पोलंडच्या स्तानिस्लाव लेम यांनीं १९६८ सालच्या एका कादंबरींत गांठली. तेथें आकाशांतून प्रवाह येतो, तो कृत्रिम असावा असें वाटतें, मोठमोठे विद्वान् जमतात, आणि शेवटपर्यंत तो वाचला जात नाहीं. प्रत्येक जण त्यांत आपापल्या शास्त्राचें प्रतिबिंब तेवढें पाहतो. वाचकाची निराशा करण्याचें हें धैर्य हॉयलजवळ नाहीं आणि नारळीकरांजवळही नाहीं. आपल्याकडे पहाटे येणारा पिंगळा पक्ष्याची भाषा जाणतो असें सांगे, आणि पक्षी नेहमीं यजमानाच्या घरच्याच गोष्टी बोले. अशा पिंगळ्याची कथा आपल्याला गोड वाटते. पक्षी आपल्याविषयीं मुळींच बोलत नाहीं हें ज्याला उमगलें आहे, आणि तरीही जो पहाटे उठून ऐकतो, त्याची कादंबरी मराठींत कोणी तरी लिहावी.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच वर्गांतून आल्यास मला आनंद वाटेल. बोलणारा नसेल तर अर्थ नाहीं, असें म्हटलें, तर काव्याची काय वाट ? कवीच्या मनांत नसलेला अर्थही रसिकाला भेटतो, त्याला आपण खोटा म्हणतों काय ? हा वाद जुना आहे. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें वाच्यार्थाच्या पलीकडे, घंटेच्या अनुरणनाप्रमाणें मागाहून उमटणारा ध्वनि मानला, आणि अकराव्या शतकांत महिमभट्टानें 'व्यक्तिविवेकां'त त्याला उत्तर दिलें, कीं हा ध्वनि वगैरे कांहीं नसून सर्व अनुमानच आहे. साहित्यशास्त्रानें कौल आनंदवर्धनाला दिला. मीही तसाच देतों. पण अंतराळाच्या बाबतींत महिमभट्टाचा पक्ष धरावा लागतो. कारण व्यंजनेचा मनोरा उभा राहण्यासाठीं तळाशीं अभिधेचा पाया लागतो, आणि तेथें पायाच नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील मालगुंडच्या केशवसुतांनीं 'झपूर्झा' हा निरर्थक भासणारा शब्द काव्याच्या शिरोभागीं ठेवला. तो मुलींच्या खेळांतील बोलांवरून आला असें सांगतात. तो अर्थशून्य ध्वनि आपल्याला भारून टाकतो. पण त्याच्या भोंवतीं मराठी भाषा आहे, अंगणांत फेर धरणाऱ्या मुली आहेत, कवीची उन्मनी वृत्ति आहे. हें सर्व काढून तो शब्द निर्वात पोकळींत सोडला, तर तो तीन अक्षरांचा धूर होईल.

हें नुसतें तर्काचें बोलणें नाहीं. असा प्रयोग प्रत्यक्ष झाला आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अंतराळांत धाडलीं. त्यांवरील सुवर्णतबकडींत पंचावन्न भाषांतील शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि जगांतल्या निवडक संगीतांत गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पहिलें व्हॉयेजर सप्टेंबरच्या आरंभीं निघालें आणि त्याच महिन्यांत केसरबाई निवर्तल्या. आतां कल्पना करावी, कीं लक्षावधि वर्षांनंतर कोणा अनोळखी जीवाच्या हातीं ती तबकडी लागली आणि ती वाजविण्याची युक्तीही त्याला साधली. त्याला ध्वनि मिळेल. स्वरांचीं प्रमाणें तो मोजील. पण भैरवी लागली म्हणजे मैफल संपत आली, आतां उठावयाचें, ही जी हुरहूर आपल्या मनांत दाटते, ती कोणत्या प्रमाणांत सांपडणार ? त्या बंदिशींत निघून जाणाऱ्याला 'कोठें चाललास' असें विचारलें आहे. सूर्यमालेबाहेर निघालेल्या यानावर हाच प्रश्न असावा, हा योगायोग आपल्याला चटका लावतो, तो आपण या घरचे म्हणून. अभिनवगुप्तानें ज्याला सहृदय म्हटलें, तो केवळ कान असलेला नव्हे. समान संस्कारांनीं ज्याचें मन आरशासारखें झालें आहे, तो. अंतराळांत कान असतील. सहृदय असतील कीं नाहीं, हें तबकडी सांगूं शकत नाहीं.

तेव्हां, दूरच्या लहरींचा अर्थ काय, या प्रश्नाचें माझें उत्तर असें. त्यांना सांगावयाचें कांहीं नाहीं; आपल्याला त्यांवरून जाणतां येण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्यासाठीं निघालेली नसलेली, आपली पृथ्वीही नव्हती तेव्हां निघालेली एक क्षीण थरथर, तारेच्या जाळीवर पडते, आणि जुन्नरच्या माळावर बसून माणूस तिच्यावरून एका नाहींशा झालेल्या काळांतील वायूचें वजन सांगतो, यांत माणसाचा जो मोठेपणा आहे, तो 'विश्वानें हांक मारली' या माझ्या वाक्यानें उलट कमी होतो. हांक मारली तर 'ओ' देण्यापलीकडे आपण काय केलें ? कोणीं हांक मारलेली नसतां ऐकलें, हेंच विशेष आहे. आणि साहित्याच्या अध्यापकानें विज्ञानाच्या दारांत भाटासारखें उभें राहून प्रत्येक शोधावर एक अलंकार फेंकावा, ही कामगिरी आपल्या विद्येला शोभणारी नव्हे. रूपक कोठें चालतें आणि कोठें तें खोटी साक्ष देतें, हें सांगणें हें आपलें काम आहे. तें मीं त्या दिवशीं केलें नाहीं. एका विद्यार्थिनीनें केलें.

पुढच्या वर्षीं तोच पाठ आला, तेव्हां मीं फळ्यावर धूर आणि अग्नि लिहिला नाहीं. वळवाची वीज, आजोबांचा रेडिओ आणि किनाऱ्याला ओढून ठेवलेली होडी लिहिली. ती मुलगी तेव्हां वर्गांत नव्हती, बी. ए. होऊन गेली होती. पण उदाहरण तिचें आहे, हें मीं वर्गाला सांगितलें.